चवीचा रकाना

मी भिंत चाटते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. चुन्याच्या कामात पन्नास वर्षं घालवली की भिंतीत मीठ मुरलंय की नाही हे जिभेच्या टोकाला कळतं. ओल्या फडक्यानं जागा पुसायची, जीभ टेकवायची, थुंकायचं. खारट लागलं तर गिलावा सडलाय, खडूसारखं फिकं लागलं तर भिंत निरोगी. एवढं साधं आहे ते. पहिल्या दिवशी मला तसं करताना बघून मुकादम म्हणाला, "मावशी, डबा विसरलात वाटतं?" मी म्हटलं, "आणलाय रे बाबा, पण तुझ्या माणसांच्या कामापेक्षा ही भिंतच गोड लागते." तेव्हापासून तो माझ्या वाटेला जरा बेतानं जातो.

काम चाललं होतं मठाचं. मठ म्हणायचं आपलं जुन्या सवयीनं. तिथले संन्यासी जाऊन किती पिढ्या झाल्या, पण नाव काही सुटलं नाही. एक चर्च, त्याला चिकटून चौकोनी अंगण, अंगणाभोवती कमानींची ओवरी आणि ओवरीच्या मागे एक लांबच लांब दालन. त्या दालनात संन्यासी झोपायचे. पुढे राज्य बदललं, त्यांना गाठोडी बांधायला सांगितली आणि पलटण येऊन राहिली. शिपाई झोपले दालनात आणि घोडे बांधले चर्चमध्ये. खांबांना ठोकलेल्या लोखंडी कड्या अजून आहेत, अंगणातली घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोणही आहे. घोड्यांनी प्रार्थना केली की नाही माहीत नाही, पण खांब मात्र चाटून चाटून गुळगुळीत केलेत. म्हणजे भिंत चाटणारी मी काही पहिली नव्हे.

पलटण गेली आणि छातीच्या रोग्यांचा दवाखाना आला. त्यांना हवा लागते म्हणून दालनाच्या भिंतीला नऊ मोठ्या खिडक्या पाडल्या. त्या रोगावर औषधं निघाली तसा दवाखाना उठला आणि शाळा भरली. शाळेला छप्पर गळतं म्हणून नवी इमारत मिळाली, तेव्हा मिठाचं गोदाम झालं. मीठ गळत्या छपराखाली कुणी ठेवतं का? पण ठेवलं. अकरा वर्षं पोत्यांची रास दालनाच्या एका टोकापासून सहाव्या खिडकीपर्यंत छताला लागायची. मीठ विरघळलं, जमिनीत गेलं, भिंतीत चढलं. मग गोदामही बंद पडलं आणि कबुतरांनी ताबा घेतला. आता तिथे वाचनालय होणार होतं. चर्चमध्ये बसून वाचायची जागा आणि दालनात लहान मुलांची पुस्तकं.

जुन्या दगडावर सिमेंट बसत नाही, चुनाच लागतो, आणि चुना नीट भिजवणारं आता आसपास माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून मला बोलावलं. मी त्रेसष्ट वर्षांची, गुडघे कुरकुरतात, तरी दुसऱ्या दिवशी हजर झाले. घरी आमचे हे म्हणाले, "अगं, आता कुठं जरा बसायला लागलीस, कशाला पुन्हा हात पोळून घेतेस?" मी म्हटलं, "माझे हात, मी बघेन." त्यांना ठाऊक होतं मी का जातेय. पण त्यांची सवयच ती, उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारायची.

मी जात होते आईसाठी.

मी अडीच वर्षांची असताना आईला छातीचा रोग झाला आणि तिला त्या दालनात ठेवलं. सोळा महिने ती तिथे होती. लहान मुलांना आत सोडत नसत, त्यामुळे तिला भेटलेलं मला काही आठवत नाही. दोन मार्चला ती गेली. तिचे कपडे, अंथरूण, कंगवासुद्धा दवाखान्याच्या नियमानं जाळला. फोटो कधी काढलेलाच नव्हता. माझ्याकडे आईची म्हणावी अशी एक काडी नाही. मला वाढवलं आत्यानं, आणि आत्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. "खिडकीजवळची खाट होती तुझ्या आईची. भिंतीवर पेन्सिलीनं सारखं काहीतरी लिहीत बसायची. नर्स ओरडायची तिला. पण ऐकेल तर शपथ."

काय लिहायची, ते आत्यालाही माहीत नव्हतं. आणि ते कळायचा मार्ग बाबांनी बंद केला.

बाबा त्या दवाखान्याचे रंगारी होते. खाट रिकामी झाली की तिच्याजवळच्या भिंतीला दुसऱ्या दिवशी ताजा चुना मारायचा, असा तिथला नियम. चुन्यानं रोग मरतो म्हणे. तर आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा बादली आणि कुंचा घेऊन कामावर गेले आणि आपल्या हातानं त्यांनी त्या भिंतीवर चुना मारला. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. एक दिवस आजारी पडता आलं असतं. गेलाबाजार मला उचलून नेऊन, बघ पोरी, हे तुझ्या आईनं लिहिलंय, एवढं तरी दाखवता आलं असतं. नाही. नियम म्हणजे नियम.

अठरा वर्षांची असताना मी त्यांना तोंडावर विचारलं, "बाबा, आईनं भिंतीवर काय लिहिलं होतं?"

ते म्हणाले, "मला कुठं वाचता येतं?"

"मग चुना का मारलात? कुणाला तरी वाचायला लावायचं होतंत!"

"जे आहे ते तिथंच आहे," ते म्हणाले. "कुठं जातंय?" आणि बादली उचलून चालायला लागले.

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे ते वारले त्याला आता बावीस वर्षं झाली, पण माझ्या मनातून ते वाक्य गेलं नाही. माणूस वाईट नव्हता, हे कबूल करते. आत्यावर किंवा माझ्यावर कधी हात उगारला नाही. पण बोलण्यात कंजूष, हसण्यात कंजूष, सगळ्यातच कंजूष. माझी सगळ्यात जुनी आठवण सांगू? दर महिन्याच्या एक तारखेला मला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करायचे, डोक्यापासून जमिनीपर्यंत सुतळी सोडायचे, गाठ मारायचे आणि ती खिशात घालून निघून जायचे. एकदा काय झालं कुणास ठाऊक, तेव्हापासून "आधी चप्पल काढ" म्हणून ओरडायलाही लागले. मला वाटायचं आता नवा फ्रॉक शिवणार. कसला फ्रॉक न् कसलं काय! इतक्यांदा माप घेतलं आणि एक कपडा आला नाही. मग एक दिवस माप घेणंही बंद झालं.

आमचे हे शिंपी. लग्नानंतर ही गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा पोट धरून हसले. "म्हणून तर देवानं तुला शिंपी दिला! पण काय गं, नुसत्या उंचीवर कपडा शिवत नाहीत. छाती, खांदा काही घेतलं नाही त्यांनी?" मी म्हटलं, "चुना मारणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?" आणि विषय तिथेच संपला.

आता मठाच्या कामावर येते. कामाची मुख्य होती एक तरुण बाई, जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकून आलेली. आम्ही तिला तज्ज्ञबाई म्हणायचो, ती मला मावशी. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, पण शिस्त अशी की झाडूवाल्यानं झाडू उलटा ठेवला तरी वहीत नोंद करायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही उंटावरची शहाणी. पण एक दिवस तिनं मला भिंत चाटताना पाहिलं. हसली नाही. "काय कळतं यानं?" म्हणून विचारलं, स्वतः दोन ठिकाणी जीभ लावून बघितली, थू थू केलं, आणि संध्याकाळी वहीत एक नवा रकाना आखून आणला. ठोकल्यावर आवाज कसा, पोपडा किती, आणि शेवटी 'चव'. तेव्हा माझा तिच्यावर जीव बसला.

तिचं आणखी एक काम मला आवडायचं. भिंतीवर तळहाताएवढी जागा घ्यायची आणि बारीक पातीनं एकेक थर पायरीसारखा मोकळा करायचा. याला ती जिना म्हणायची. सगळ्यात खाली संन्याशांचा पिवळट चुना. त्यावर पलटणीचा धूर बसलेला काळा थर. मग दवाखान्याचा पांढराशुभ्र चुना, आणि तो एक थर नाही, तीस-पस्तीस थर, एकावर एक. किती खाटा रिकाम्या झाल्या असतील, त्याचा हिशेबच तो. सगळ्यात वर शाळेचा हिरवा पट्टा. गोदामवाल्यांनी रंग दिलाच नाही, मिठाला कुठे रंगीत भिंत लागते!

मी तिला आईची गोष्ट सांगितली. उगाच आडवळणं घेतली नाहीत. "मला ती भिंत हवी आहे," म्हटलं. "नऊ खिडक्या आहेत, त्यातल्या कुठल्यातरी एकीजवळ आईची खाट होती. चुन्याखाली पेन्सिलीचं काही उरलं असेल तर मला बघायचंय. एकदाच. मग तुम्ही खुशाल त्यावर पुस्तकांची कपाटं ठेवा."

ती म्हणाली, "मावशी, खराब गिलावा उतरवायला गुरुवारी सुरुवात होणार आहे. त्याआधी प्रत्येक खिडकीजवळ एक जिना करू. पण पेन्सिल चुन्याखाली टिकतेच असं नाही. कुंच्याच्या पाण्यानंच पुसली जाते."

"बाबा कुंचा जोरात मारायचे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तीन दिवस आम्ही जिने केले. पहिल्या खिडकीजवळ काही नाही. दुसरीजवळ कोळशानं माखलेल्या दोन बोटांचे ठसे. तिसरीजवळ शाळेतल्या कुण्या टवाळानं मास्तरांचं चित्र काढलेलं, नाक एवढं मोठं. चौथी, पाचवी, सहावी, तिथे तर मिठानं भुगाच झालेला. आठवी आणि नववी ठणठणीत कोरडी आणि कोरी. दिवसभराचे जिने संपले की मी घरी जाऊन नुसती बसायची. हे चहा आणून ठेवायचे आणि काही विचारायचे नाहीत. अशा वेळी माणसानं न विचारणं किती चांगलं, ते तेव्हा कळलं.

सातवी राहिली, ती माझ्यामुळे.

त्याचं असं झालं. पोकळ गिलावा कुठे आहे ते ठोकून बघायचं आणि पाडायच्या जागेवर लाल खडूनं फुली मारायची, हे काम माझं होतं. बोटांची पेरं भिंतीवर वाजवत जायचं. भरीव गिलावा ठक्क बोलतो, सुटलेला गिलावा ढब्ब बोलतो. सातव्या खिडकीच्या उजव्या हाताला, माझ्या कमरेच्या थोडं खाली, उशीएवढी एक जागा ढब्ब बोलली. वाकून बघितलं तर पोपडे सुटलेले, कडा वर आलेल्या, आणि वरचा कुंचा उजवीकडून डावीकडे ओढलेला. असा कुंचा ओढणारा एकच माणूस मला माहीत होता. बाबा डावरे होते.

आणि मला आठवलं. मठात शाळा असताना, चौदाव्या वर्षापासून, मी बाबांच्या हाताखाली दर सुट्टीत इथे चुना मारलाय. सातव्या खिडकीचा तेवढा तुकडा त्यांनी मला कधी करू दिला नाही. मी सकाळी पोचायच्या आत तो करून झालेला असायचा, ओला. एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथं ओल आहे, तुला जमायचं नाही." मला! जिनं नंतर अख्ख्या गावाच्या भिंती धरून ठेवल्या तिला!

तर तो तुकडा आता फुटून माझ्यासमोर होता. आयुष्यभर ज्यांनी माझ्या कामात खोट काढली त्यांच्या हातचं एकमेव नासलेलं काम. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. "बघा बाबा," मी मनात म्हटलं, "मला जमायचं नाही, नाही का? तुम्हालाही जमलं नाही." एरवी एक फुली पुरली असती, मी दोन मारल्या. आणि रागाच्या भरात पुढे गेले. पुसलं नाही, जीभ लावली नाही. मीठ सातवीपर्यंत सरकलंय असं धरून चालले. तज्ज्ञबाई म्हणाली, "इथे जिना करू या का?" मीच म्हटलं, "काय उपयोग? पडायला आलंय ते. हात लावलास तर खाली येईल."

आपलेच दात न् आपलेच ओठ, दुसरं काय.

गुरुवार उजाडला. मी खरं तर जाणार नव्हते. आठ जिने फुकट गेले होते, आता काय बघायचं राहिलं होतं? आईचं लिहिलेलं बाबांनी कुंच्यानं पुसलं, संपलं. पण चुन्याची टाकी ढवळायची होती, म्हणून गेले. मुकादमाची माणसं पहिल्या खिडकीपासून सुरू झाली होती. छिन्नी-हातोड्याचा आवाज, पांढरी धूळ, आणि मुकादमाचं "चला, चला, आवरा" चालू. जेवणाच्या सुट्टीआधी सहावी खिडकी झाली. मी टाकीपाशी पाठ करून उभी होते. मागून तज्ज्ञबाईची हाक आली.

"मावशी, सातवीची चव राहिली."

"काय?"

तिनं वही दाखवली. सरळ आखलेले रकाने, ओळीनं खारट, खारट, खूप खारट. सातव्या ओळीत चवीच्या रकान्यात काहीच नाही. "आवाज लिहिलाय, पोपडा लिहिलाय, फुली लिहिलीय. चव नाही."

मुकादम हसायलाच लागला. "अहो बाई, आता पाडायचंच आहे ते! पाडायच्या भिंतीची चव कसली घेता? मावशींना भूक लागली असेल तर सुट्टी करतो ना."

"रकाना रिकामा ठेवता येणार नाही," ती म्हणाली. असली हट्टी पोर मी पाहिली नाही, आणि देवानं तिचं भलं करावं.

मी वैतागूनच गेले. गुडघे टेकले, फडक्यानं पुसलं, जीभ लावली.

फिकं.

पुन्हा पुसलं, जरा बाजूला लावली. फिकं. खाली, वर, कडेला. खडू. मिठाचा लवलेशही नाही. माझ्या मागे मुकादमाचा माणूस हातोडा घेऊन उभा होता. मी न वळता म्हटलं, "थांब रे. मागे हो."

"मीठ नाही?" तज्ज्ञबाई माझ्याशेजारी उकिडवी बसली.

"नाही."

"अहो, मीठ नसेल, पण पोकळ तर आहे ना?" मुकादम म्हणाला. "आज ना उद्या पडणारच."

"मीठ नाही, ओल नाही," ती हळूहळू म्हणाली, "मग पोकळ का आहे?"

डाव्या हातानं कुंचा ओढणाऱ्या त्या माणसानं उभ्या आयुष्यात एक गिलावा नासवला नव्हता. हे मी दुसऱ्या कुणाला हजारदा सांगितलं असतं, पण ते स्वतःच्या डोक्यात आलं नाही. मी थापीची पातळ कड पोपड्याखाली सरकवली. चुना उचलला गेला, आणि त्याच्या खाली गिलावा नव्हताच. कागद होता.

मी म्हटलं, "छिन्नी नको. ओलं फडकं द्या. आणि कुणी शिंकू नका."

दुपारभर आम्ही दोघी त्या उशीएवढ्या जागेपुढे बसून होतो. सगळ्यात वर वर्तमानपत्र, त्यावर चुना आणि शाळेचा हिरवा रंग. त्याखाली आणखी जुनं वर्तमानपत्र. पाच कागद निघाले. सगळ्यात खाली निळा जाड कागद, दवाखान्यात कापसाची गुंडाळी यायची तो. आणि खळ लावली होती फक्त कडांना. मध्ये कुठेच नाही. मधला भाग भिंतीला चिकटू नये म्हणून. त्यामुळेच तो तुकडा ढब्ब बोलत होता. कडेची खळ सुटायची, कागद फुगायचा, आणि दर सुट्टीत मी यायच्या आत बाबा नवा कागद लावून वर चुना मारायचे. दवाखान्याचा नियम पाळला होता त्यांनी. चुना मारला होता. भिंतीला नव्हता मारला.

जे आहे ते तिथंच आहे, कुठं जातंय?

निळा कागद तज्ज्ञबाईनं दोन्ही हातांनी धरून उचलला. खाली दवाखान्याचा जुना पांढरा चुना, स्वच्छ, आणि त्यावर आडव्या रेघा. पेन्सिलीच्या. एकीवर एक, अर्ध्या अर्ध्या बोटाच्या अंतरानं. प्रत्येक रेघेपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

"हे काय आहे?" मुकादमानं विचारलं. तोही खाली बसला होता. केव्हा बसला ते कळलं नाही.

मला लगेच कळलं होतं. तज्ज्ञबाईनंच खालून वर वाचायला सुरुवात केली. "नोव्हेंबर." त्यावर, "डिसेंबर." मग, "जानेवारी. वाढली!" मग फेब्रुवारी. त्यावरची रेघ एकदम दोन बोटं उंच. "मार्च. एवढी कशी वाढली? चप्पल घातली असणार." आणि एप्रिलची रेघ मार्चच्या खाली. "एप्रिल. निरोप पोचला. आता बरोबर."

मी हसले की रडले, सांगता येत नाही. दोन्ही एकदम झालं असावं. आधी चप्पल काढ म्हणून ओरडायचे ते हे. ती सुतळी. दर एक तारखेला खिशात घालून ते इथे यायचे, नर्सच्या हाती द्यायचे, आणि आई जमिनीपासून सुतळी धरून रेघ मारायची. मला आत सोडत नव्हते ना. म्हणून मी गाठ मारलेल्या सुतळीतून आत जात होते, आणि बाहेर फ्रॉक येत नाही म्हणून बापाला कंजूष म्हणत होते. साठ वर्षं म्हणत होते. भर लग्नात आलेल्या पाहुण्यांना सांगून हसवलंय मी ते.

"पुढे वाच," मी म्हटलं.

"जुलै. माझ्या कमरेला लागेल आता." ती आणखी वर सरकली. "ऑक्टोबर. नर्सबाईंनी खिडकीतून दाखवली. डोणीपाशी उभी होती. केस कुणी कापले?" आणि त्याच्या दोन रेघा वर, "डिसेंबर. नर्सबाई म्हणतात भांडखोर आहे. असू दे."

मुकादम कधी नव्हे तो हळू आवाजात म्हणाला, "तेव्हापासूनच का, मावशी?" मी त्याला एक चापट मारली. पण मारताना त्याचा खांदा धरूनच राहिले.

जानेवारीची रेघ वाकडी होती. फेब्रुवारीची त्याहून वाकडी, आणि अक्षरं तिथे नुसती 'फेब्रु' एवढीच. मी बोटानं मोजलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोळा रेघा. सोळा महिने.

मी फडक्यानं भिंतीवरच्या माझ्या लाल फुलीचा उरलेला भाग पुसायला लागले. एक पुसली, दुसरी पुसली. मला त्या दोन फुल्यांची एवढी लाज वाटत होती की त्या आधी घालवल्याशिवाय दुसरं काही सुचेना. तज्ज्ञबाई अजून भिंतीशी डोळे लावून बसली होती.

"मावशी, वर आणखी एक आहे."

मी वाकले. फेब्रुवारीच्या वर, बरोबर अर्धं बोट सोडून, सतरावी रेघ होती. ही पेन्सिल नव्हती. रंगाऱ्याची जाड तांबडी कांडी, भिंतीवर खूण करायची. आणि रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली, शेवटाला जराशी खाली गेलेली.

एक तारखेला माप घेतलं होतं. दोन तारखेला ती गेली. सुतळी खिशातच राहिली होती.

"ही वेगळ्या हाताची दिसते," तज्ज्ञबाई वही उघडत म्हणाली. "हिच्यापुढे महिना नाही. काहीच लिहिलेलं नाही. काय नोंद करू?"

"मार्च," मी म्हटलं. "मार्च लिही पोरी. माझ्या बाबांना लिहिता येत नव्हतं."